वाढत्या अंगाचे बूट

डिसेंबरातली सकाळ. विजयदुर्गाजवळच्या सड्यावर शाळेच्या मैदानात फक्कीने रेघा मारून झाल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बालक्रीडा स्पर्धेतली मुलींची ५० मीटर शर्यत, लहान गट. चौथीतली एक मुलगी आपल्या रेघेवर आली, खाली बसली, नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि जोडी आईच्या हातात दिली. आई म्हणाली, "गो बाय, घाल ते. मगे आणलंव कित्याक?" मुलगी म्हणाली, "धावूक गावना नाय." शिटी झाली. ती अनवाणी पळाली आणि दुसरी आली.

नंतर मी तो बूट हातात घेऊन पाहिला. पांढरा, नवाकोरा. पुढच्या टोकात वर्तमानपत्राचा बोळा होता. तो काढल्यावर पुढे माझी दोन बोटं सहज मावली. आईला काही विचारायची गरज नव्हती, उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे: वाढत्या अंगाचे घेतले.

हा शब्द आपल्याकडे कपड्यांसाठी आला. सदरा दोन इंच लांब घ्यायचा, चड्डीला आत दुमड शिवून ठेवायची, परकराला टीप घालायची, आणि पोर वाढलं की टीप उसवायची. हिशेब चोख आहे. सदरा सैल असला म्हणून कुणी पडत नाही. पण तोच हिशेब आपण बुटाला लावला आणि तिथे फसलो. हे कसं झालं ते शोधायला लागलो, तेव्हा त्या मुलीच्या अंगावरच्या एकेका वस्तूचा माग आमच्या बंदरावर येऊन पोचला. ती पायातल्या बुटापासून अंगातल्या बनियनपर्यंत जे काही घालून आली होती, त्यातलं बरंचसं दर्यावर्दी माणसांच्या वापरातलं होतं.

बुटाच्या कॅनव्हासपासूनच सुरुवात करू. कॅनव्हास म्हणजे शिडाचं कापड. शब्दच मुळी 'कॅनाबिस'वरून आला, कारण युरोपातली शिडं त्या झाडाच्या वाखाची विणत. आपल्याकडची शिडं सुती. वाघोटणच्या खाडीवर मराठा आरमाराची कातळात खोदलेली गोदी आजही पाहता येते. आंग्रे आणि त्यांच्यानंतर धुळपांची गलबतं या खाडीत डागडुजीला येत, तेव्हा शिडाचं जाड सुती कापड या किनाऱ्याच्या रोजच्या व्यवहारातलं होतं. मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या अशाच जाड कापडाला इंग्रज खलाशी 'डंगरी' म्हणू लागले आणि त्याच्या विजारी घालू लागले. म्हणजे या देवघेवीत आपणही काही दिलेलं आहे.

शिडाच्या कापडाला तळ मिळाला तो रबराचा. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. त्यानंतरच्या काही दशकांत इंग्लंडमध्ये वर कापड आणि खाली रबरी तळ असलेले हलके बूट निघाले. लोक ते समुद्रकिनारी फिरायला घालत, म्हणून त्यांना वाळूचे बूट म्हणत. कापड आणि रबर जिथे जुळतं तिथून पाणी आत येऊ नये म्हणून सगळ्या बाजूंनी रबराची एक पट्टी लावलेली असे. ही पट्टी आजही आपल्या शाळेच्या बुटावर दिसते. १८७०च्या दशकात या बुटाला 'प्लिमसोल' हे नाव पडलं, आणि ते आलं जहाजावरच्या एका रेघेवरून.

सॅम्युअल प्लिमसोल हा ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद. त्या काळी जहाजमालक जुनी गलबतं मालाने गच्च भरून समुद्रात सोडत. बुडालं तर विम्याचे पैसे मिळत, खलाशी जीवानिशी जात. अशा जहाजांना तरंगत्या शवपेट्या म्हणत. प्लिमसोलने आग्रह धरला की जहाजाच्या अंगावर रेघ मारा आणि त्या रेघेपलीकडे जहाज पाण्यात बुडेल इतका माल भरू नका. १८७६ साली तसा कायदा झाला. पण त्यात एक मोठी खोट राहिली. रेघ मारणं सक्तीचं झालं, ती कुठे मारायची हे मात्र मालकाच्या मर्जीवर सोडलं. रेघेची जागा सरकारने ठरवायला १८९० साल उजाडावं लागलं. बुटावरची पट्टी त्या रेघेसारखी दिसली, म्हणून बूट प्लिमसोल झाला. विजयदुर्गाच्या धक्क्याला लागणाऱ्या कुठल्याही मोठ्या बार्जच्या कुशीवर ही खूण पाहा, आणि मग शाळेतल्या पोराच्या पायाकडे पाहा. दोन्हींचं नातं सख्खं आहे.

आता वरचे कपडे. आमची आजी बनियनला मरेपर्यंत गंजीफ्रॉकच म्हणत राहिली. हा शब्द कानाला अस्सल देशी वाटतो. मूळ मात्र इंग्लिश खाडीतल्या ग्वेर्नसी बेटाचं. तिथले कोळी लोकरीचा घट्ट विणीचा सदरा घालत. ब्रिटिश आरमाराने तो उचलला, 'ग्वेर्नसी फ्रॉक' म्हणून तो जगभर गेला, आणि आपल्या बंदरांत येता येता गंजीफ्रॉक झाला. शेजारचं बेट जर्सी. तिथल्या कोळ्यांचा विणीव सदरा म्हणजे जर्सी, जी आज कबड्डीच्या संघापासून क्रिकेटच्या संघापर्यंत सगळ्यांच्या अंगात असते. एका किनाऱ्यावरच्या रापणकरी माणसांचा कपडा दुसऱ्या किनाऱ्यावरच्या रापणकऱ्यांच्या पोरांना शर्यतीत घालायला मिळाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. मोजा हा शब्द फारसीतला, आणि तिकडे त्याचा अर्थ चक्क बूट. आपल्याकडे येईपर्यंत तो बुटाच्या आत गेला.

या सगळ्यात अगदी आपलं म्हणावं असं एकच नाव उरतं, वहाण. संस्कृत उपानह्पासून ते आलं. पण वहाण चालण्यासाठी होती. खेळताना ती काढून ठेवायची हीच रीत. तालीम, हुतूतू, आट्यापाट्या, खो-खो, सगळं अनवाणी. अंगात लंगोट, फार तर चड्डी. मराठी मुलखात धावण्यासाठी वेगळं पायताण असतं ही कल्पनाच नव्हती.

त्याची साक्ष पुण्यातून मिळते. डेक्कन जिमखाना १९०६ साली निघाला. १९१९च्या सुमारास त्याच्या क्रीडासोहळ्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना १९२९ साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती हकीकत सांगितली आहे. धावायला आलेली बहुतेक पोरं शेतकरी घरांतली होती, शेतात राबणारी, साधं जेवण जेवणारी. युरोपातले नियम त्यांना ठाऊक नव्हते, शिकवणीही नव्हती, पायांत काही नव्हतं. तरी लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांनी घेतलेला वेळ युरोपातल्या धावपटूंच्या तोडीचा होता. दोराबजी इतके भारावले की १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायचं त्यांनी मनावर घेतलं. त्या संघातले फडेप्पा चौगुले बेळगावचे, आपल्या सीमाभागातले. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. चौगुले २ तास ५० मिनिटांत १९वे आले. भारताच्या ऑलिंपिक संघाची सुरुवात अशी अनवाणी पायांनी झाली, आणि ती मराठी मातीत झाली. शाळेतल्या पाठ्यपुस्तकात ही गोष्ट यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

बूट शाळेत शिरले ते त्यानंतर. १९३४ साली कलकत्त्याजवळ हुगळीकाठी बाटानगर उभं राहू लागलं. बाटा कंपनीच्या इतिहासात टेनिस बुटाचं साल १९३६ दिलेलं आहे, आणि तो हिंदुस्थानातल्या शाळांच्या कवायतीच्या तासासाठी काढला असंही सांगितलं आहे. पांढरं कॅनव्हास, रबरी तळ, कडेने पट्टी: प्लिमसोलचंच बीज. पुढे शनिवारचा पांढरा गणवेश आला आणि त्याच्याबरोबर शुक्रवारची संध्याकाळ आली. फळ्याचा खडू पाण्यात भिजवून बुटाला फासायचा, ओट्यावर वाळत ठेवायचे. आमच्या तांबड्या मातीत शनिवारी दहा वाजेपर्यंत ते पुन्हा तांबडे. ज्या बुटाची खरी परीक्षा पळण्यात होती, तो आपण पांढरेपणावर पारखायला लागलो.

कोकणात हे बूट मुंबईहून यायचे. चाकरमानी गणपतीला येताना आणायचा. बंदरात बोट लांब उभी राहायची, उतारू पडावातून धक्क्याला यायचे, आणि ट्रंकेत पोरांसाठी बूट असायचे. माप कसं पाठवायचं? आमच्या घरी हिराची काडी वापरायचे. पोराला जमिनीवर उभं करायचं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत काडी धरायची, मोडायची आणि पाकिटात घालून टपालाने मुंबईला धाडायची. माझ्या पायाला काडी लावल्याचं मला चांगलं आठवतं. काडी मोडायच्या वेळी आजी दरवेळी म्हणायची, "बोटभर जास्त मोड." काडी जायची आषाढात, बूट यायचे भाद्रपदात, आणि पुढचे बूट पुढल्या गणपतीला. एवढ्या अंतराने येणारी वस्तू बोटभर मोठी मागवण्यात आजीची काय चूक? वाढत्या अंगाच्या बुटाचं मूळ मला या काडीत सापडलं. बोट बंद झाली, आता देवगडात बुटांची दुकानं आहेत, तरी ते बोटभर अजून आपल्या मनातून गेलेलं नाही.

मापाची गोष्ट आणखी मागे जाते. दुकानदार जो नंबर सांगतो तो इंग्रजी मापाचा आणि त्याचा पाया आहे जवाचा दाणा. तीन दाणे म्हणजे एक इंच, एक नंबर म्हणजे एक दाणा, साधारण साडेआठ मिलिमीटर. मुलांचं माप चार इंचांपासून मोजायला लागतात, तेराव्या नंबरपर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून सुरू करतात. आपल्याकडेही कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यव म्हणजे एक अंगुळ असं कोष्टक आहे. दाणा दोघांनी एकच धरला, पण बुटाच्या दुकानात मान मिळाला तो त्यांच्या कोष्टकाला. आणि त्यांचा नंबर पायाची लांबी सांगतो, रुंदीचं काही बोलत नाही. अनवाणी वाढलेल्या पायाची बोटं पसरलेली असतात. असा पाय अरुंद बुटात जात नाही, म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, आणि मग तो लांबीला सैल होतो.

यावर अलीकडे एक चांगलं काम झालं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय मोजले. आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसलं, आणि भारतीय पायांसाठी 'भा' नावाची मापपद्धत सुचवली गेली. त्यातला एक निष्कर्ष प्रत्येक आईबापाने आणि शिक्षकाने ध्यानात ठेवावा: मुलींचा पाय अकराव्या वर्षाच्या सुमारास जोरात वाढतो, मुलांचा पंधराव्या-सोळाव्या वर्षाच्या सुमारास. म्हणजे चौथी-पाचवीतल्या धावणाऱ्या मुलीच्या पायाकडे वर्षातून एकदा बघून भागत नाही.

जगातल्या धावण्याच्या बुटांचा इतिहास मोठा आहे, पण इथे तो दोन ओळींत पुरे. १८९०च्या दशकात बोल्टनच्या फॉस्टरने खिळ्यांचे बूट केले, १९३६ साली जेसी ओवेन्स जर्मनीच्या डासलर बंधूंचे बूट घालून धावला, पुढे ते भाऊ भांडले आणि त्यातून आदिदास व पुमा झाले, अमेरिकेतल्या बॉवरमनने वॉफलच्या साच्यात रबर ओतून पाहिलं. हे सगळं मोठ्या माणसांच्या पायांसाठी. बाजारात मुलांचे म्हणून जे बूट मिळतात, त्यांतले पुष्कळसे मोठ्यांच्याच बुटाची छोटी नक्कल असतात, जाड आणि ताठ. मुलांच्या टाचेच्या हाडाला वाढीची एक नाजूक पट्टी असते. आठ ते चौदा वर्षांची खेळणारी मुलं टाच दुखते म्हणतात, ते पुष्कळदा तिच्यामुळे. ते नाटक समजून पळायला लावू नका.

मग अनवाणीच बरं का? मणिपाल आमच्याच किनाऱ्यावर, गोव्याच्या पलीकडे. तिथल्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली निष्कर्ष छापले. पायांत काहीतरी घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी मुलांत २.८. बंद बूट घालणाऱ्यांत ते जास्त होतं, चप्पल-सँडल घालणाऱ्यांत कमी. त्यानंतर २०१०मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमनने दाखवलं की सवयीने अनवाणी पळणारी माणसं बहुधा पायाच्या पुढच्या भागावर उतरतात, जाड टाचेचे बूट घालणारी टाचेवर आदळतात. त्या मुलीने बूट काढले तेव्हा तिच्या पायाला हे ठाऊक होतं.

पण मी कोकणात राहतो आणि कातळ ओळखतो. दगडाखाली फुरसं असतं. आंब्याच्या बागेतून, पाणंदीतून पहाटे सरावाला जाणाऱ्या पोराला अनवाणी पाठवा असं मी कधीच म्हणणार नाही. ओल्या मातीतून अंकुशकृमी तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतात, हे १८९८ साली आर्थर लूसने दाखवून दिलं. रक्त कमी झालेलं पोर पळणार कुठून? तेव्हा माझं मत असं: मोकळ्या, साफ केलेल्या मैदानावर काही वेळ अनवाणी पळू द्यावं, वाटेवर आणि सड्यावर बूट असावेत, आणि ते बूट पातळ तळाचे, बोटांशी रुंद आणि बेताच्या मापाचे असावेत. स्पर्धेत अनवाणी धावण्याची लाज वाटायचं कारण नाही. जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की खेळाडू अनवाणी धावू शकतो, दोन्ही पायांत बूट घालून धावू शकतो, किंवा एकाच पायात घालूनही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने धावणं निवडलं ते अनवाणी पळता येतं म्हणून, असं तिनेच सांगितलेलं आहे. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं.

कविताचं नाव घेतलं की मुलींच्या कपड्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण त्यावर आपण गप्प राहतो. मुलं चड्डी-बनियनवर पळत होती तेव्हा मुली परकर खोचून पळायच्या. मग फ्रॉक आला, स्कर्ट आला, पंजाबी ड्रेस आला, ओढणीला पिना आल्या. आता ट्रॅक पँट आणि टी-शर्ट आल्याने पाय मोकळे झाले. पण सहावी-सातवीत पोचलेली मुलगी एकाएकी शर्यतीला नाव देत नाही, दुखतं म्हणते, नको म्हणते. कारण पुष्कळदा इतकंच असतं की तिला आतून आधार देणारा कपडा नसतो आणि पळताना लोक बघतील याची भीती असते. धावणाऱ्या बाईसाठी असा कपडा जगातसुद्धा १९७७पर्यंत नव्हता. अमेरिकेत लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटपट्टे एकत्र शिवून तो पहिल्यांदा तयार केला. आता तो तालुक्याच्या बाजारात मिळतो. आईने किंवा बाईंनी मुलीला तो घेऊन द्यावा, न लाजता. त्याच्या अभावी किती मुली मैदानावरून घरी बसल्या असतील, याचं मला वाईट वाटतं.

कापडाचंही एक सांगतो. आमच्याकडची हवा दमट. सुती गंजीफ्रॉक घाम पितो आणि जड होतो, पण अंगाला सोसतो. चकचकीत पॉलिस्टरचा टी-शर्ट पातळ असेल तर लवकर वाळतो, मात्र जाड आणि स्वस्त असेल तर आत वाफ कोंडते. ५० मीटरला काहीही चालेल. रोज तीन-चार किलोमीटर पळणाऱ्या पोराला हलका, सैल, बाह्यांशी न काचणारा कपडा द्यावा. इथे खुशाल वाढत्या अंगाचा घ्या.

२०२३ साली राज्य शासनाने मोठा निर्णय घेतला. सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे, विद्यार्थ्यामागे १७० रुपये. अनवाणी शाळेत येणाऱ्या पोराच्या पायांत काहीतरी पडलं, याचं स्वागतच आहे. पण १७० रुपयांत येणारा बूट शाळेत बसायचा असतो, पळायचा नसतो, हे शर्यतीच्या दिवशी लक्षात ठेवायला हवं. प्लिमसोलच्या पहिल्या कायद्यासारखं हे झालं आहे. रेघ आली. ती कुठे मारायची हे अजून पायाला विचारलेलं नाही.

ते विचारणं अवघड नाही. संध्याकाळी, पाय दिवसभर चालून किंचित पसरलेला असतो तेव्हा, पोराला मोजे घालून कागदावर उभं करा. दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा आणि जो पाय मोठा निघेल त्याचं माप धरा. बुटात अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवा, त्याहून जास्त नको. टाच वर सरकत असेल तर तो बूट परत करा. दर तीन महिन्यांनी कागद पुन्हा काढा. आणि एक विनंती शाळांना: कार्यालयात एक फळी मोकळी करा. लहान झालेले पण धड असलेले बूट पोरांनी तिथे ठेवावेत, ज्याला बसतील त्याने न्यावेत. एका वर्षात दोन मापं वाढणाऱ्या पोराला दोनदा नवे बूट घेणं गरिबाला परवडत नाही. पण वीस-पंचवीस पोरांच्या शाळेत प्रत्येक मापाचा एखादा जोड कुठेतरी पडलेला असतोच.

या गणपतीला मुंबईहून बूट आणणार असाल, तर आधी गावाकडून पोराच्या पावलाचा कागद मागवून घ्या. त्याचा फोटो फोनवर येतो, पण फोटोत माप कळत नाही. कागदच टपालाने मागवा, आणि त्यावर काढलेल्या रेघेला बोटभर वाढवू नका.